सत्कार हाजिरीचा की कामाचा?

नागपूर, चंद्रपूर, वणी या कोळसापट्ट्यात महिन्याचा शेवटचा दिवस खाणीच्या कचेरीत ठरलेला असतो. त्या महिन्यात साठी गाठलेल्यांना निरोप. शाल, श्रीफळ, गुच्छ, मोमेंटो, हिशेबाचे कागद आणि सगळ्यांचा मिळून एक फोटो. मग गेटबाहेर गुलाल, बँड आणि झेंडूच्या माळा घातलेल्या जीपमधून घरापर्यंत मिरवणूक. शिवाय वर्षभर स्थापना दिन, सुरक्षा सप्ताह, युनियनचे मेळावे असतातच, आणि त्या प्रत्येकात ‘प्रदीर्घ सेवेबद्दल’ कुणा ना कुणाला हार पडतो. यात वादाचं काय असणार? पण एकाच घरातल्या दोन पिढ्या खाणीत असल्या की वाद होतो, आणि चांगला कडाक्याचा होतो.

पुढचा संवाद मी रचलेला आहे. त्यातले काकाजी भूमिगत खाणीतून ओव्हरमन म्हणून निवृत्त झालेले. 1981 साली लोडर म्हणून लागले, म्हणजे टोपलीने कोळसा भरायचा. पुढे गॅस टेस्टिंगचं आणि प्रथमोपचाराचं सर्टिफिकेट घेतलं, सरदारकीची, म्हणजे पाळीत एका भागाची सुरक्षा पाहणाऱ्याची, परीक्षा दिली, मग त्याच्या वरच्या ओव्हरमनची. पुतण्या खुल्या खाणीत ठेकेदाराचा सुपरवायझर, ओबीच्या कामावर. कोळशावरची माती-दगड उपसण्याला तिथे सगळे ओबीच म्हणतात. निमित्त एका आमंत्रणपत्रिकेचं. 1 नोव्हेंबरला, कोल इंडियाच्या स्थापना दिनी, जुन्या लोकांचा सत्कार ठेवला आहे.

काकाजी : तू गाडी घेऊन ये त्या दिवशी. तुझ्या काकूले पण न्यायचं आहे.

पुतण्या : गाडी आणतो, काकाजी. पण खरं सांगू? मला या सत्कारांचा वीट आला आहे. मागे आमच्याकडे एक झाला. चाळीस मिनिटं भाषणं, त्यातली पस्तीस उत्पादनाच्या टार्गेटवर. सत्कारमूर्तीचं आडनाव चुकीचं घेतलं, आणि मोमेंटोवरही तसंच कोरलेलं. बिचारा हसत उभा होता.

काकाजी : आडनाव चुकलं म्हणून सत्कार खोटा होते का बे?

पुतण्या : खोटा नाही, पण कशाचा आहे ते तरी बघा. पस्तीस वर्षं हाजिरी लावली, याचा. जे बाबू हाजिरीघरात पंख्याखाली बसून रिटायर झाले त्यांनाही तीच शाल, आणि तुम्ही दोनशे मीटर खाली होतात, तुम्हालाही तीच. वर्षं मोजली की काम मोजावं लागत नाही. साहेबलोकांना सोयीचं आहे ते.

काकाजी : खाली एक पाळी काढून पाह्य, मग वर्षं मोजायले सोपी आहेत का ते सांग मले. पाळी सुरू व्हायच्या आधी सरदार आपला भाग पाहून येते. हातात काठी असते, टोकाले लोखंड. त्यानं छत ठोकायचं, अन् दुसऱ्या हाताची बोटं छताले टेकवून ठेवायची. खणखणीत वाजलं तर ठीक. बद्द वाजलं तर वरचा थर सुटला समजायचं. पण सुटलेला पोपडा जाड असला ना, तर आवाज फसवते. कानाले बरोबर वाटते अन् बोटाले बारीक थरथर लागते. तेव्हा बोटाचं ऐकायचं. हे बोट मले पहिल्या वर्षी नव्हतं. दहाव्या वर्षी आलं.

पुतण्या : म्हणजे बोटाचा सत्कार करा ना! तेच तर म्हणतोय मी.

काकाजी : अन् लाकडाचा टेकू. वरून भार आला की तो मोडायच्या आधी करकरते. पोलादाचा टेकू गप राहते अन् एकदम वाकते. म्हणून जुने मिस्त्री पोलादाच्या टेकूंमध्ये एक तरी लाकडाचा घ्या म्हणत. सायबाले ते मागासलेपण वाटे.

(काकाजींच्या या बोलण्यात भूमिगत खाणीचं जे चित्र आहे ते झपाट्याने पुसलं जातं आहे. 2023-24 साली कोल इंडियाने 77 कोटी टनांहून जास्त कोळसा काढला. त्यात भूमिगत खाणींचा वाटा पाच टक्क्यांहूनही कमी. कधीकाळी सहा लाखांवर असलेले कंपनीचे कायम कर्मचारी आज सव्वादोन लाखांच्या आसपास उरले आहेत. म्हणजे काकाजींचं बोट ज्याला शिकवता येईल असा माणूसच हाताशी कमी.)

पुतण्या : एक विचारू, रागावू नका. या बोटाच्या भरवशावर माणसं मेली नाहीत? नवा पोऱ्या घाबरून टेकू लावल्याशिवाय पुढे पाऊल टाकत नाही. बिनटेक्याच्या छताखाली जातो तो अनुभवी माणूस. ‘मला माहीत आहे, आता नाही पडत’ म्हणून जातो. आमच्याकडेही तसंच. डम्पर रिव्हर्स घेताना मागे कोण आहे हे न पाहणारा ऑपरेटर नेहमी जुनाच असतो.

काकाजी : (बराच वेळ गप्प) आमचा एक टिंबर मिस्त्री होता. त्याच्याइतकं छत कोणाले कळत नव्हतं. शेवटच्या टेकूच्या पुढं त्याची कुऱ्हाड राहून गेली होती. दोन पावलं. मी म्हटलं, राहू दे. तो म्हणे, आणतो ना. तो गेला अन् छत खाली आलं.

पुतण्या : मग?

काकाजी : मग काय? तू म्हणतो ते बरोबर आहे. जास्त वर्षं झाली की भीती मरते. पण त्याचा अर्थ वर्षांले किंमत नाही असा नाही होत. मी त्याच्यानंतर वीस वर्षं प्रत्येक नव्या पोट्ट्याले ती दोन पावलं मोजून दाखवली. हे कोणत्या पुस्तकात आहे सांग.

(इथे मी काकाजींच्या बाजूचा आहे. खाणीतला अनुभव म्हणजे नुसतं कौशल्य नव्हे, त्यात दुसऱ्यांच्या मरणाची नोंद असते. ती नोंद कुणाच्या तरी डोक्यात जिवंत राहिली तरच खाण दुसऱ्यांदा तीच चूक करत नाही. चौकशी अहवाल असतात, पण ते कपाटात असतात आणि पाळीवर कपाट येत नाही.)

पुतण्या : बरं, तुमचं डोक्यातलं कंपनीने घेतलं का मग? तुम्ही निघालात त्या दिवशी?

काकाजी : त्या दिवशी नो-ड्यूजचा कागद घेऊन मी सगळ्या खिडक्या फिरलो. कॅप लॅम्प जमा, हेल्मेट जमा. क्वार्टरचं वीजबिल, सोसायटीचं कर्ज, वाचनालयाचं एक पुस्तक राहिलं होतं, तेही दिलं. ज्याचं जे होतं ते त्यानं वापस घेतलं. डोक्यातलं कोणी मागितलं नाही.

पुतण्या : होतं काय असं डोक्यात?

काकाजी : जुन्या भागात एक जागा आहे. तिथं आमच्या आधीचे लोक नकाशात दाखवलं त्याच्या पुढं गेलेले आहेत. मी त्या भिंतीपाशी उभा राहिलेलो आहे. आता तिथं पाणी भरलेलं असन.

पुतण्या : आणि हे तुम्ही कधी सांगितलं नाही?

काकाजी : सांगितलं ना. त्या वेळच्या मॅनेजरले तोंडी सांगितलं. तो म्हणे पाहतो. मग त्याची बदली झाली.

याचं गांभीर्य खाणीबाहेरच्या वाचकाला सहज कळणार नाही, म्हणून थोडं थांबतो. झारखंडमधल्या चासनाला इथे 27 डिसेंबर 1975 रोजी वरच्या जुन्या, पाणी साचलेल्या कामातून खालच्या खाणीत पाणी घुसलं आणि 375 माणसं गेली. नागपूरकरांना जवळचं म्हणजे छिंदवाड्याच्या पेंच खोऱ्यातली न्यूटन चिखली. तिथे 10 डिसेंबर 1954 रोजी खाणीत पाणी शिरून 63 कामगार मेले. आपण खणतो आहोत त्याच्या पलीकडे कुणी आधी खणून ठेवलं आहे का, हा खाणीतला जुना आणि जीवघेणा प्रश्न. खाण बंद करताना तिचा नकाशा सरकारकडे जमा करावा लागतो तो याचसाठी. पण नकाशा काढणाऱ्याने जेवढं पाहिलं तेवढंच नकाशात येतं, आणि राष्ट्रीयीकरणापूर्वीच्या, म्हणजे 1973 च्या आधीच्या, कित्येक खासगी खाणींचे नकाशे किती भरवशाचे, हे त्या काळच्या सर्व्हेअरांनाच विचारावं.

पुतण्या : काकाजी, हे लिहून द्या. आजच. तारीख टाकून. सर्व्हे ऑफिसला मी नेऊन देतो.

काकाजी : आता त्या खाणीचं पाणी उपसणं बंद होऊन किती वर्षं झाली!

पुतण्या : म्हणून काय झालं? शेजारी उद्या कुणी नवी खाण उघडली तर? आता उपकरणं आहेत, ड्रिल मारून आधी पाहता येतं. आमच्याकडे तर भिंतीवर रडार लावतात, उतार मिलिमीटरभर सरकला तरी सांगतं.

काकाजी : रडार तू ज्या भिंतीकडं तोंड करून ठेवला त्या भिंतीचं सांगते. कोणत्या भिंतीकडं तोंड करायचं ते कोण सांगीन?

पुतण्या : (हसून) बरं, हा गुण तुमचा. पण बघा ना, तुम्हीच सिद्ध करताय. तुम्हाला शाल दिली आणि ही भिंत घेतली नाही. मग तो सत्कार कसला? माणूस बाहेर काढायचा गोड मार्ग.

काकाजी : तू शालीच्या मागं काऊन लागला? त्या शालीत दुसरं पण आहे. निरोपाच्या दिवशी तुझ्या काकूले स्टेजवर बोलावलं. खुर्ची दिली. छत्तीस वर्षं ती भोंगा ऐकत राहिली. पाळीच्या वेळेले वाजला तर ठीक, अवेळी वाजला तर कॉलनीतल्या साऱ्या बाया पदर खोचून खाणीच्या तोंडाकडं पळत. त्या बाईले खाणीच्या ऑफिसात पहिल्यांदा खुर्ची मिळाली त्या दिवशी. तुले ते नाटक वाटत असन. ती अजून सांगते.

(पुतण्याकडे याला उत्तर नव्हतं, आणि माझ्याकडेही नाही.)

पुतण्या : काकूंची खुर्ची मला मान्य. मग माझ्या माणसांच्या बायकांना ती कधी मिळणार, तेवढं सांगा. माझ्याकडे एक डम्पर ऑपरेटर आहे. चौदा वर्षं याच पट्ट्यात. चार ठेकेदार बदलले. दर वेळी नवा गेटपास, नवी जॉइनिंगची तारीख, पुन्हा ट्रेनिंग सेंटरचा शिक्का. कागदावर तो दीड वर्षाचा माणूस आहे. पावसाळ्यात कोणता रस्ता आधी खचतो ते त्याला पाठ आहे, सगळे त्यालाच विचारतात. पण पंचवीस वर्षांचा सत्कार त्याचा कधीच होणार नाही, कारण पंचवीस वर्षं त्याची कुठे लिहिलीच जाणार नाहीत. तो चाळीस वर्षं काम करील आणि ‘नवीन’ म्हणून घरी जाईल.

काकाजी : तुमच्या ठेकेदारानं करावा ना सत्कार.

पुतण्या : ठेकेदाराचा ठेका चार-पाच वर्षांचा. तो कशाला दीर्घ सेवा मोजेल? दीर्घ सेवा निघाली तर हक्क निघतात.

काकाजी : मग आमचा बंद करून तुमचा होईन का? तुमचा पण करा म्हण.

पुतण्या : म्हणतोच आहे. पण उत्तरकाशीचं आठवतं ना? 2023 चा नोव्हेंबर, सिलक्याराचा बोगदा. 41 मजूर सतरा दिवस आत. परदेशातून आणलेलं यंत्र अडकून तुटलं, तेव्हा शेवटचा टप्पा हाताने खणला तो रॅट-होल वाल्यांनी. गुडघ्यावर बसून, पाइपात शिरून. ज्या पद्धतीवर 2014 सालीच हरित लवादाने बंदी घातली होती, तिच्यात तरबेज झालेली माणसं! सगळ्या देशाने टाळ्या वाजवल्या, हार घातले, चेक दिले. आणि तीन महिने होताहेत तोच त्यांच्यातल्या एकाचं दिल्लीतलं घर अतिक्रमण म्हणून पाडलं. हारावर माझा विश्वास का नाही, ते आता कळलं?

काकाजी : वाचलं होतं मी. वाईट झालं. पण आपल्यातलं चांगलं पण पाह्य. जसवंतसिंग गिल. 1989, राणीगंजची महावीर कोलियरी. पाणी शिरलं, 65 लोक खाली अडकले. बोअर मारून त्यातून लोखंडी कॅप्सूल सोडली, माणूस उभा राहीन एवढीच. पहिले खाली जाणार कोण? पन्नाशीच्या घरातला तो इंजिनीअर स्वतः उतरला, अन् 65 च्या 65 वर काढले. सरकारनं सर्वोत्तम जीवन रक्षा पदक दिलं. सत्कार झाला ना त्याचा?

पुतण्या : झाला. 1991 ला पदक, आणि सिनेमा 2023 ला, ते गेल्यावर चार वर्षांनी. पण काकाजी, तो सत्कार वर्षांचा नव्हता. एका रात्रीचा होता.

काकाजी : चुकतो तू. ती एक रात्र कुठून आली? धनबादच्या खाण महाविद्यालयात शिकलेला, अन् नंतरची सारी नोकरी खाणीत. वीस-पंचवीस वर्षं खाणीत काढल्याशिवाय असा माणूस तयार होत नाही, अन् त्या वर्षांचा सत्कार कोणी करत नाही, कारण त्या वर्षांत काही घडलेलं नसते. माझ्या भागात अमुक साली काहीच झालं नाही, हे माझं काम आहे. त्याचा फोटो कसा काढशीन?

हा मुद्दा मला सगळ्या संवादात वजनदार वाटतो. खाणीतल्या चांगल्या कामाचा पुरावा म्हणजे न घडलेला अपघात, आणि न घडलेल्या गोष्टीला पुरस्कार देणं अवघड. खाणींसाठी राष्ट्रीय सुरक्षा पुरस्कार आहेत, पण ते अपघाताच्या आकडेवारीवरून खाणीला मिळतात. कुठल्या सरदाराने कुठल्या पाळीला माणसं मागे घेतली आणि उत्पादन बुडवल्याबद्दल बोलणी खाल्ली, हे त्या आकड्यात दिसत नाही. म्हणून शेवटी वर्षं मोजली जातात. वर्षं हे वाईट माप आहे, हे पुतण्याचं खरं. पण दुसरं माप हाती नसताना ते फेकून द्यावं, हे मला पटत नाही.

पुतण्या : ठीक आहे, शाल घ्या. पण शालीखालची छाती कोण तपासतं?

काकाजी : नोकरीत पाच वर्षांतून एकदा तपासत. फोटो काढत, फुंकायले लावत.

पुतण्या : आणि आता?

काकाजी : आता दवाखान्यात जातो ना, कार्ड आहे.

पुतण्या : कार्ड ताप-खोकल्याला. धुळीचा आजार कधीकधी काम सुटल्यावर वर्षांनी दिसतो. त्यासाठी कुणी बोलावतं का? खाण कामगारांच्या आरोग्याची राष्ट्रीय संस्था आपल्या नागपुरात उभी केली, आणि इथल्या कॉलनीतला म्हातारा छातीचा एक्स-रे खासगीत पैसे भरून काढतो. पेन्शन 1998 च्या योजनेची, महागाईशी जोडलेलीच नाही. ठरली त्या आकड्यावर बसून आहे. तुमच्या आधी निघालेल्या लोडरांना किती मिळते ते मला माहीत आहे, त्यांच्यापैकी एक आमच्या साइटवर रात्रीचा चौकीदार आहे. सत्कारमूर्ती चौकीदार!

काकाजी : त्याले बोलावलं आहे का या कार्यक्रमाले?

पुतण्या : नसेल. त्याचं नाव यादीत कोण घालणार?

काकाजी : मग मी घालतो. युनियनच्या पोट्ट्याले आत्ताच फोन लाव. म्हणा, माझ्याआधी त्याले हार घाला. नाही तर मी येत नाही.

पुतण्या : आणि माझा डम्परवाला?

काकाजी : त्याची चौदा वर्षं लिहिलेला कागद आहे का कुठं?

पुतण्या : चार ठेकेदारांचे चार गेटपास आहेत, त्याने जपून ठेवलेत.

काकाजी : घेऊन ये. मी बोलतो स्टेजवर. मले दोन मिनिटं देतात, त्यात माझं काही सांगत नाही. ते चार गेटपास दाखवतो.

पुतण्या : साहेब खूश होणार नाहीत.

काकाजी : मले आता कोण बदली करते?

दोघांचा वाद इथे मिटला असं नाही. पुतण्याला अजून वाटतं की सत्कार हा हिशेब चुकवण्याचा स्वस्त मार्ग आहे, आणि काकाजींना वाटतं की मान मागून घेण्यात कमीपणा नाही. माझं मत कुणी विचारलेलं नाही, तरी देतो. शाल राहू द्यावी, पण कार्यक्रमाचा क्रम बदलावा. निवृत्त होणाऱ्या प्रत्येक सरदार, ओव्हरमन, शॉट फायरर आणि टिंबर मिस्त्रीला निरोपाच्या आधीच्या आठवड्यात सर्व्हेअरसमोर बसवावं, समोर नकाशा पसरावा, आणि तो काय सांगतो ते तारखेनिशी लिहून घेऊन त्याची सही घ्यावी. नो-ड्यूजच्या कागदावर वीजबिलाची खिडकी असते तशी हीपण एक खिडकी असू द्यावी. निघून गेलेल्यांना दर काही वर्षांनी छातीच्या तपासणीला बोलावणं कंपनीकडून जावं. भाषणं त्यानंतर हवी तेवढी होऊ द्यात.

आणि ठेक्यावरच्या माणसांबद्दल व्यवस्थापनाला आणि युनियनच्या पदाधिकाऱ्यांना एवढीच विनंती, की ठेकेदार बदलला तरी खाणीतल्या वर्षांची गणती शून्यावर आणू नका. नव्या गेटपासवर ‘खाणीत पहिला दिवस’ असा एक रकाना छापायला कसलाही ठराव लागत नाही आणि खर्चही येत नाही.